आधी मूळ, मग फूल

दुष्काळाचा इतिहास आपण बहुधा माणसांच्या आणि गुरांच्या अंगाने लिहितो. १८७६ ते १८७८ चा महादुष्काळ असो की १९७२ चा, किती गावे उठली, किती विहिरी आटल्या, किती जनावरे दावणीला मेली आणि सरकारने किती कामे काढली, याची नोंद दप्तरांत सापडते. त्याच काळात माळावरच्या झाडोऱ्याचे काय झाले, कोणते मूळ तगले आणि कोणते सुकले, हे मात्र सहसा कोणी टिपून ठेवीत नाही. अमेरिकेच्या मध्यभागी १९३० नंतरच्या दशकात जो दुष्काळ पडला, त्याच्या बाबतीत ही नोंद झाली, आणि ती मोठ्या बारकाईने झाली. त्याच दशकात तेथे एका आगळ्या उद्योगासही आरंभ झाला. नांगराखाली नाहीसे झालेले रानफुलांचे माळ बियांपासून पुन्हा उभे करावयाचे, असा तो उद्योग होता. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

मिसिसिपी नदीच्या खोऱ्यापासून पश्चिमेस रॉकी पर्वताच्या पायथ्यापर्यंत पसरलेल्या गवताळ प्रदेशास प्रेअरी असे म्हणतात. पूर्वेकडे पाऊस बरा, म्हणून तेथील गवत पुरुषभर उंच वाढे. पश्चिमेस जावे तसा पाऊस कमी होत जाई आणि गवतही आखूड होत जाई. या गवतांच्या सोबतीने असंख्य रानफुले नांदत, आणि त्यांत डेझीसारख्या चेहऱ्याच्या फुलांचा भरणा मोठा असे. ही सारी सूर्यफुलाच्या कुळातील मंडळी. आपण ज्याला एक फूल म्हणतो ते या कुळात वस्तुतः अनेक लहान फुलांचे संमेलन असते. मध्यभागी दाटीने बसलेली बारीक फुले आणि कडेने पाकळीसारखी पसरलेली दुसरी फुले, मिळून एक बिंब. आपल्या परिचयाची शेवंती, झेंडू, करडई आणि कारळे याच कुळातली. प्रेअरीवरची एकिनेशिया, रुडबेकिया, रॅटिबिडा, सिल्फियम ही नावे आपल्या कानांस परकी वाटतील. पण त्यांतील एक आप्त आपल्या दाराशी नित्य येतो. तो म्हणजे गॅलार्डिया. फुलबाजारात तो गलांडा या नावाने विकला जातो आणि दसऱ्यादिवाळीच्या हारांत झेंडूच्या शेजारी जाऊन बसतो. हा लाल-पिवळा गलांडा मूळचा उत्तर अमेरिकेतला. आपल्याकडे पिकतो तो बहुतांशी एकाच हंगामात आयुष्य संपविणारा प्रकार आहे. त्याचा बहुवर्षायू भाऊ मात्र रॉकी पर्वताच्या पायथ्याच्या कोरड्या टेकड्यांवर राहतो. एका फ्रेंच न्यायाधीशाच्या नावावरून या वंशाला गॅलार्डिया हे नाव मिळाले.

या बहुवर्षायू गॅलार्डियाची शास्त्रीय ओळख एका प्रसिद्ध प्रवासात झाली. अध्यक्ष जेफरसन यांनी पाठविलेली लुईस आणि क्लार्क यांची तुकडी पॅसिफिक महासागर गाठून परत येत असता, १८०६ च्या जुलै महिन्यात, मेरीवेदर लुईस यांनी पर्वतातील कोरड्या टेकड्यांवर हे फूल खुडून कागदांत दाबून ठेवले. फ्रेडरिक पुर्श या वनस्पतिशास्त्रज्ञाने पुढे त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याआधी १८०५ च्या वसंतात याच तुकडीने मिसूरी नदीवरील आपल्या छावणीतून जेफरसन यांच्याकडे जे सामान रवाना केले, त्यात एका मुळाचाही समावेश होता. सर्पदंशावर ते गुणकारी असल्याचे तेथील रहिवाशांनी सांगितले होते. हे मूळ एकिनेशियाचे, असे आज मानले जाते. पॉनी, ओमाहा, डकोटा या जमातींना त्याचे औषधी उपयोग पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. मेल्विन गिल्मोर यांनी १९१९ साली मिसूरी खोऱ्यातील मूळ रहिवाशांच्या वनस्पतिज्ञानावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात ते नोंदलेले आहेत. म्हणजे या वनस्पतीची महती जमिनीवरच्या फुलापेक्षा जमिनीखालच्या मुळात आहे, हे त्या लोकांनी केव्हाच ओळखले होते. विद्यापीठांना त्याच निष्कर्षाशी येऊन पोहोचण्यास पुढे शंभर वर्षे लागली.

दरम्यान नांगर आला. प्रेअरीची जमीन मुळांच्या जाळ्याने इतकी घट्ट विणलेली होती की साध्या बिडाच्या नांगराला तिची चिकण माती चिकटून बसे. जॉन डीअर नावाच्या लोहाराने १८३७ साली इलिनॉय संस्थानात पोलादी फाळाचा नांगर घडविला आणि हा अडसर दूर केला. १८६२ च्या कायद्याने, पाच वर्षे जमीन कसून दाखविणाऱ्यास १६० एकर मिळण्याची सोय झाली. कोरड्या पश्चिमेकडेही वसाहतवाले सरकू लागले, तेव्हा पावसाच्या शंकेला उत्तर म्हणून एक सिद्धान्तही पुढे आला. नांगर जेथे जाईल तेथे त्याच्या मागोमाग पाऊस जातो, असे १८८१ साली नेब्रास्कातील एका लेखकाने छापून टाकले. लोभाला शास्त्राचा पोशाख चढविला म्हणजे तो किती सभ्य दिसतो, याचे हे चांगले उदाहरण आहे. इलिनॉयमध्ये एके काळी सुमारे सव्वादोन कोटी एकर प्रेअरी होती. आज तेथे मूळ स्थितीतील उत्तम प्रेअरी उरली आहे ती दोन-अडीच हजार एकरांच्या आसपास. दहा हजार भागांतील एक भाग शिल्लक राहिला, असा याचा हिशेब होतो.

नेब्रास्का विद्यापीठातील जॉन वीव्हर या अध्यापकाने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास एक अजब काम हाती घेतले. झाडाची वरची बाजू सारेच पाहतात, आपण खालची पाहू, असा त्यांचा विचार. पद्धत साधी, पण कष्टाची. निवडलेल्या रोपाशेजारी पुरुषाहून खोल चर खणावयाचा, त्यात उतरून बर्फ फोडण्याच्या टोचणीने भिंतीची माती कणाकणाने काढावयाची, आणि उघडे पडलेले प्रत्येक मूळ चौकटींच्या कागदावर प्रमाणबद्ध रेखाटावयाचे. या चरांतून जे दिसले त्याने वनस्पतिशास्त्रज्ञ चकित झाले. वर गुडघाभर उंचीचे रोप, आणि खाली त्याचे मूळ दहा-दहा, बारा-बारा फूट गेलेले. सूर्यफूल कुळातील लायॅट्रिस या जांभळ्या फुलाच्या एका जातीची मुळे तर पंधरा फुटांच्याही खाली पोहोचलेली आढळली. गवताची मुळे बव्हंशी वरच्या थरांत पसरतात. ही फुले त्यांच्याशी भांडत बसत नाहीत. ती त्यांच्या पायाखालचे पाणी पितात.

त्यानंतर १९३४ चा उन्हाळा आला. मोठ्या दुष्काळाचे ते पहिले अत्यंत कठीण वर्ष. ज्या माळांचे नकाशे वीव्हर यांनी पूर्वीच काढून ठेवले होते, त्याच माळांकडे ते आता पुन्हा वळले. कॅन्सस संस्थानातून अल्बर्टसन हे त्यांच्या जोडीला होते. टेकड्यांवरचे लिटल ब्लूस्टेम हे तुलनेने उथळ मुळांचे गवत प्रचंड प्रमाणात मेले. उथळ मुळांची फुलझाडेही गेली. खोल मुळांची बहुवर्षायू झाडे मात्र पाने गाळून, फुलणे थांबवून, काही तर जमिनीवरचा सारा भाग सोडून देऊन टिकून राहिली. आणि गवत मेल्याने मोकळ्या पडलेल्या जागेत एका बारीक पांढऱ्या फुलांच्या अॅस्टरने आपला विस्तारही करून घेतला. १४ एप्रिल १९३५ रोजी धुळीच्या भिंतीने भर दिवसा अंधार केला, तो नांगरलेल्या जमिनीच्या मातीचा होता. मुळांची वीण जेथे शाबूत होती तेथील माती जागची हलली नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस अमेरिकन सरकारने मृदासंधारणासाठी स्वतंत्र खाते स्थापन केले.

याच दुष्काळात दक्षिण डकोटातील क्लॉड बार या शेतकऱ्याच्या आयुष्याला वेगळे वळण मिळाले. स्मिथविक गावाजवळ त्यांची कोरडवाहू जमीन होती. पिके दगा देत होती, पण आसपासच्या उजाड टेकड्यांवर रानफुले उभी होती. बार यांनी ती न्याहाळली, त्यांचे बी गोळा केले, पाणी न देता ती आपल्या बागेत वाढविली, आणि टपालाने त्यांची विक्री सुरू केली. ज्या जमिनीने धान्य नाकारले तिनेच त्यांना हा दुसरा व्यवसाय दिला. महाविद्यालयीन शास्त्राचा शिक्का नसलेल्या या माणसाने पुढील अनेक दशके मैदानी प्रदेशातील फुलांचा अभ्यास केला, आणि त्यांच्या निरीक्षणांचा ग्रंथ १९८३ साली, त्यांच्या निधनानंतर, मिनेसोटा विद्यापीठाने प्रसिद्ध केला. दुष्काळ सोसणारे फूल शोधावयाचे तर दुष्काळातच शोधावे, हा धडा त्यांच्या चरित्रातून मिळतो.

बागेतील वाफ्याकडून माळाकडे जाण्याचे धाडस झाले ते विस्कॉन्सिन संस्थानात. मॅडिसन येथील विद्यापीठाच्या वनोद्यानाचे उद्घाटन १७ जून १९३४ रोजी झाले. त्या प्रसंगी अल्डो लिओपोल्ड यांनी एक कल्पना मांडली. देशोदेशीची झाडे जमवून प्रदर्शन मांडण्याऐवजी, गोरा माणूस येथे आला त्या वेळी ही भूमी जशी होती तिचा एक नमुना आपण पुन्हा घडवू, असा तिचा मथितार्थ होता. जागा होती एका जुन्या शेताची, साठ-सत्तर एकरांची, चराईने झिजलेली. मनुष्यबळ मिळाले ते बेकार तरुणांसाठी सरकारने १९३३ मध्ये उभारलेल्या दलाकडून. आपल्याकडील दुष्काळी कामांची ज्यांना माहिती आहे त्यांना ही व्यवस्था अनोळखी वाटणार नाही. देखरेखीस नेमले गेले थिओडोर स्पेरी. इलिनॉयच्या प्रेअरीतील मुळांवर त्यांनी स्वतः संशोधन केलेले होते. आसपासच्या शिल्लक तुकड्यांतून गवताच्या मातीसकट ढेपा आणून लावणे, बी गोळा करून पेरणे, असे दोन्ही मार्ग अवलंबिले गेले. १९३६ च्या अवर्षणात लावणीचे नुकसान झाले. तरी काम थांबले नाही. उद्ध्वस्त झालेली नैसर्गिक वनस्पतिसृष्टी जाणीवपूर्वक पुन्हा उभारण्याच्या आद्य प्रयत्नांत या माळाची गणना होते.

ढेपा आणून लावण्यास मर्यादा होती. त्यासाठी कोठले तरी दुसरे माळ उकरावे लागते. खरा मार्ग बियांचाच. पण बी पेरले आणि उगवले, असा या कुळाचा सरळ स्वभाव नाही. आपण ज्याला बी म्हणतो ते येथे वस्तुतः एकेका बीजाचे सुकलेले फळ असते, आणि शरद ऋतूत ते पिकते तेव्हा रुजण्यास राजी नसते. लगेच रुजले तर कोवळे रोप बर्फात मरेल. म्हणून बीजाला एक हिवाळा अनुभवास यावा लागतो. हेन्री ग्रीन आणि जॉन कर्टिस या दोघा विस्कॉन्सिनकरांनी १९५० साली प्रेअरीतील वनस्पतींच्या अंकुरणावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात याचा पद्धतशीर विचार आहे. व्यवहारात दोन उपाय चालतात. एक, बी शरदातच मोकळ्या जमिनीवर पेरावे आणि पुढचे काम थंडीवर सोपवावे. दुसरा, बी ओलसर वाळूत कालवून, गोठणबिंदूच्या किंचित वरच्या थंडीत चार ते बारा आठवडे ठेवावे आणि वसंतात पेरावे. एकिनेशिया आणि सिल्फियम यांना हा संस्कार मानवतो. गॅलार्डिया त्याच्याविनाही रुजतो. बी खोल पुरावयाचे नाही. रुडबेकियासारखी बारीक बी तर मातीच्या पृष्ठावर नुसती दाबून बसवावी, कारण तिला उजेड लागतो.

उगवण झाली की परीक्षा सुरू होते, आणि ती रोपाहून पेरणाऱ्याची अधिक असते. पहिल्या वर्षी जमिनीलगत चार पानांचा लहानसा फेर दिसतो, याहून काही नाही. तण मात्र कंबरेएवढे वाढते. पाहणाऱ्यास वाटावे की पेरणी फुकट गेली. वास्तविक त्या वेळी रोपाचे सारे भांडवल खाली, मुळात, गुंतविले जात असते. या काळात तण उपटू नये, नाहीतर शेजारचे कोवळे मूळही उखडते. ते वीतभर उंचीवर कापीत राहावे, म्हणजे खालच्या पानांना ऊन मिळते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फुले येऊ लागतात. काही जाती त्याहून सावकाश चालतात. लिओपोल्ड यांनी सिल्फियमचे बी पेरून पाहिले होते; पाच वर्षे लोटली तरी त्या रोपांना फुलांचा दांडा आला नव्हता. शासकीय व्यवहाराशी ज्यांचा नित्य संबंध येतो, त्यांना यातील अडचण सांगावयास नको. ज्या योजनेचे पहिल्या वर्षाचे फलित दृष्टीस पडत नाही, तिला दुसऱ्या वर्षाची तरतूद मिळविणे कोणत्याही देशात कठीणच असते. मार्चअखेरीस आपण हिशेब बंद करतो. मुळाचा हिशेब त्या तारखेस नुकता उघडलेला असतो.

येथे एक विचार मनात येतो. हौशी बागाईतदारांनी गॅलार्डियाच्या दोन जातींचा संकर करून मोठ्या फुलांचा प्रकार घडविला. पहिल्याच वर्षी तो भरभरून फुलतो, महिनोन्‌महिने फुलतो, आणि बहुधा दोन-तीन वर्षांत संपून जातो. जे रोप सारे उत्पन्न फुलावर खर्च करते त्याची गाठ रिती राहते. अवर्षण सोसण्याची शक्ती ही काही गूढ देणगी नव्हे. बऱ्या पावसाच्या वर्षांत खर्च आवरून केलेली ती शिल्लक आहे.

मग ज्या बियांपासून हे माळ उभारावयाचे ते बी कोठून आले? सुपीक जमीन तर सारी नांगरली गेलेली. जे उरले ते दुर्लक्षामुळे उरले. आगगाडीच्या रुळांना लागून असलेल्या अरुंद पट्ट्या आणि पहिल्या वसाहतवाल्यांच्या लहान दफनभूमी, या दोन जागी नांगर कधी फिरला नाही. लिओपोल्ड यांनी १९४९ साली निघालेल्या आपल्या विख्यात पुस्तकात अशाच एका दफनभूमीच्या कोपऱ्यातील सिल्फियमची कथा सांगितली आहे. या वनस्पतीची पाने आपली कड उत्तर-दक्षिण धरून उभी राहतात. दुपारचे रखरखीत ऊन त्यांच्या पात्यावर सरळ पडत नाही. वाटसरूंनी त्यावरून तिला होकायंत्राचे नाव दिले. पुढे रस्त्याच्या मजुरांनी कुंपण हलविले आणि ती कापून टाकली, असे लिओपोल्ड यांना आढळले. तिच्या जाण्याची दखल घेणारे फार थोडे होते, आणि लिओपोल्ड यांना खरे दुःख त्याचेच होते.

त्या दफनभूमींचे मोल ओळखणारा माणूस पुढे इलिनॉयमध्ये निघाला. रॉबर्ट बेट्झ हे जीवशास्त्राचे अध्यापक शिकागोभोवतालची जुनी थडगी आणि रुळांच्या कडा हिंडून शिल्लक प्रेअरीचा शोध घेत असत. जवळच बटाव्हिया येथे अणूच्या अंतर्भागाचे संशोधन करणारी फर्मी प्रयोगशाळा उभी राहिली होती, आणि तिच्या विराट वर्तुळाकार यंत्राच्या आत शेकडो एकर जुनी शेतजमीन रिकामी पडली होती. १९७५ साली बेट्झ यांनी तेथे पहिली पेरणी केली. बी हौशी नागरिकांनी मुठीमुठीने गोळा केलेले; पहिला तुकडा दहा एकरांहूनही लहान. त्यात पिकलेले बी पुढच्या तुकड्यात पेरावयाचे, असे करीत ते माळ वाढत गेले, आणि कालांतराने बी इतके पिकू लागले की ते काढण्यास कापणीचे यंत्र लावावे लागले. जमिनीच्या पोटात विसाव्या शतकाचे अत्याधुनिक यंत्र, आणि त्याच्या माथ्यावर थडग्यांच्या सावलीतून आलेली फुले, असे ते दृश्य होते.

सरकारनेही हळूहळू या फुलांस आपल्या हिशेबात जागा दिली. अध्यक्ष जॉन्सन यांच्या पत्नी लेडी बर्ड जॉन्सन यांच्या आग्रहामुळे १९६५ मध्ये हमरस्त्यांच्या सुशोभनाचा कायदा झाला. १९८२ साली त्यांनी टेक्सासमधील ऑस्टिन येथे रानफुलांच्या अभ्यासासाठी संस्था स्थापिली. १९८७ च्या कायद्याने, हमरस्त्यांलगतच्या सुशोभनासाठी मिळणाऱ्या केंद्रीय निधीपैकी चारशे भागांतील एक भाग देशी रानफुलांच्या लावणीस खर्च करणे आवश्यक ठरविले. भाग लहान खरा. पण ज्या रस्त्याच्या कडेवर एके काळी ही फुले कापली गेली, त्याच कडेवर ती पेरण्याचा हुकूम निघाला, हे कमी नव्हे.

याच कुळातील एक अमेरिकन वनस्पती आपल्याकडेही न पेरता आली आहे. १९५६ साली पुण्याहून तिची नोंद झाली, आणि आज तिला सारा देश गाजरगवत म्हणून ओळखतो. तिच्या बीजाला हिवाळ्याची वाट पाहावी लागत नाही. ओल मिळाली की ते रुजते, महिन्या-दीड महिन्यात फुलते, आणि एकेक रोप हजारोंनी बी टाकते. उजाड केलेली जमीन कधी रिकामी राहत नाही. आपण तिच्यावर काही योजिले नाही, तर असे उतावळे काहीतरी तिचा ताबा घेते. एक कूळ, एक खंड, आणि तरी दोन भिन्न रीती. एक रीत जमीन व्यापते, दुसरी जमीन धरून ठेवते. पहिलीला माणसाच्या मदतीची गरज नसते. दुसरीला एकदा घालविले की ती माणसाचे जवळजवळ अर्धे आयुष्य मागते. मॅडिसनचे माळ १९६२ पासून कर्टिस यांच्या नावाने ओळखले जाते. त्याची जोपासना अद्यापि चालू आहे, ठराविक काळाने तेथे आग लावून परके गवत आवरावे लागते, आणि जाणकार अजूनही सांगतात की मूळ प्रेअरीच्या मानाने ते अपुरेच आहे. जे माळ मोडावयास एका शेतकऱ्यास बैलांच्या जोडीने थोडे दिवस पुरले, ते बियांपासून पुन्हा जोडण्याच्या कामावर आज तिसरी-चौथी पिढी राबत आहे.

तेव्हा आपल्या गावकुसाबाहेरचे पड माळ, देवराईची कड किंवा रुळांलगतची पट्टी यांना निरुपयोगी जमीन म्हणून कागदावर चढविण्यापूर्वी त्यांच्या पोटात काय आहे, हे एकदा पाहून घ्यावे. पुढच्या अवर्षणात माती धरून ठेवणारे बी कदाचित तेथेच असेल, आणि ते कोठून आणावे हे त्या दिवशी विचारण्यात अर्थ उरणार नाही.